सिलुएतचा उजवा खांदा

दुपारचं जेवण झालं की तेओफिल एर्नेस्टा ओसरीतल्या वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचा, आणि मग बेल ओंब्र गावच्या उपसागरातून त्यानं ज्यांची इंजिनं सांभाळली त्या तीन बोटी एकामागून एक जायच्या.

पुढे ‘गोलान’. लाकडी, पोट सुटलेली, आयुष्यभर बेटाबेटांवरून खोबरं वाहिलेली. सेशेल्सला स्वतःचं तटरक्षक दल हवं असं ठरलं, तेव्हा तिला राखाडी रंग फासला, नाकावर एक बंदूक बसवली आणि झालं दल तयार. तळात मुरलेला खोबऱ्याचा वास मात्र गेला नाही. चोरून मासे मारणाऱ्या परक्या बोटींना आपण दिसायच्या आधी आपला वास पोचतो, असं खलाशी म्हणायचे. तिच्यामागे ‘पायांके’, कुठल्याशा लांबच्या देशानं भेट दिलेली. तिच्या इंजिनावरची अक्षरं कोणालाच वाचता येत नसत, म्हणून तेओनं प्रत्येक काट्याशेजारी रंगानं चित्रं काढली होती. तेलाला नारळ, पाण्याला मासा, आणि काटा जिथं पोचला की सरळ पळत सुटायचं तिथं आपल्या सासूचा चेहरा. शेवटी ‘कातिती’, पोलादी आणि चपळ. या समुद्रात चाचे फिरू लागले त्या सुमारास ती आली. तिच्या इंजिनघरात तेओ फार दिवस राहिला नाही. गुडघे बोलू लागले आणि त्याला घरी बसावं लागलं.

डोळ्यांपुढून जाताना तिघी सारख्याच तरुण दिसायच्या. त्यांचा आवाज येत नसे, फेस उठत नसे. पाण्यावरचं ऊन तेवढं जरा बाजूला सरायचं आणि त्या गेल्या की परत मिटायचं.

त्या दुपारी मात्र दोघीच आल्या. तिसरी खरोखरच समुद्रावर होती, आणि त्याच्याच मुलाला शोधत होती.

आल्विन आदल्या पहाटे एकटाच बोट घेऊन गेला होता. संध्याकाळी यायचा, तो आलाच नाही. त्याचा रेडिओही गप्प होता. जाताना त्यानं तटरक्षक दलाला नेहमीसारखं कळवलं होतं, उत्तरेला देनी बेटाच्या बाजूला जातोय. बेल ओंब्रमध्ये सगळेच असं सांगतात. मासा कुठे लागतो हे इथला माणूस आईलाही सांगत नाही, मग तटरक्षक दलाला कशाला सांगेल? सांगितलेल्या सगळ्या बोटी खरंच तिथं असत्या, तर देनीपर्यंत पाय न भिजवता चालत जाता आलं असतं. दलाला हे ठाऊक असतं. पण शोध घ्यायचा तर कुठूनतरी सुरुवात करावी लागते. ‘कातिती’ उजाडल्यापासून देनीच्या बाजूचं पाणी विंचरत होती.

खरं सांगायचं तर एर्नेस्टांची मासा लागायची जागा देनीच्या जवळपासही नव्हती. ‘पायांके’वर असताना एकदा त्यांनी एक परकी बोट पकडली. अधिकारी कागद रंगवत होते, तेव्हा तेओनं तिच्या पोटात डोकावून पाहिलं. लालबुंद बूर्झ्वा मासे, पोरं झोपवावीत तसे ओळीनं निजवलेले. त्यानं मान वर करून डोंगर कसे दिसतात ते पाहिलं आणि कायमचं लक्षात ठेवलं. सुट्टीच्या दिवशी लहान होडीनं तो तिथं जाऊ लागला. दोरीला बांधलेल्या शिशाच्या वजनाला खालून साबण लावून ते तळाशी सोडलं की वर येताना त्याला जांभळ्या पोवळ्याचे तुकडे चिकटून यायचे. त्या जागेच्या कमाईवर त्यानं घर बांधलं, आणि आल्विनच्या लग्नात आहेर म्हणून ती जागाच त्याच्या कानात सांगितली.

गेल्या वर्षी आल्विन म्हणाला होता, “पपा, तुमची जागा म्हातारी झाली. मला माझी सापडलीय.”

तेओला ते लागलं होतं. दर रविवारी आल्विन स्वतःच्या जागेचा मासा आणून द्यायचा. तेओ तो मुकाट्यानं खायचा, आणि बरा आहे म्हणायचा.

स्वयंपाकघरातला रेडिओ खरखरला. आल्विनची बायको रोझीन सकाळपासून त्याच्याजवळून हलली नव्हती. तिनं हाक मारली.

बोलत होती दोर्लिन लाबीश. ‘कातिती’ आता तिच्या ताब्यात होती. कधीकाळी तेओच्याच हाताखाली ती इंजिन शिकली होती. देनीकडे काहीच दिसत नव्हतं. अंधाराआधी आणखी एकच बाजू पाहता येईल, तेवढंच इंधन उरलं होतं.

“तेओकाका, स्पष्ट विचारते,” ती म्हणाली. “आल्विन खरंच इकडे आला होता का?”

तेओनं माईक हातात धरला, पण बटण दाबलं नाही. आपली जागा सांगितली आणि पोरगा खरोखरच उत्तरेला असला, तर बोट त्याच्याकडे पाठ करून निघून जाईल. आग्नेयेचा वारा जोरात होता. बंद पडलेली होडी उद्यापर्यंत कुठे जाईल याचा हिशेब त्याला नको होता. शिवाय हा रेडिओ गावातल्या प्रत्येक घरात लागलेला. दलाच्या तळावर फोन केला असता, तरी तळानं ते बोटीला या रेडिओवरूनच सांगितलं असतं.

त्यानं डोळे मिटले. बोटी दिसल्या नाहीत. दिसली ती गेल्या रविवारची परात. त्याची बायको लिझेत मासा साफ करत होती. पोटातून नखाएवढा जांभळा तुकडा निघाला, तो तिनं कडेला टाकला आणि त्याच्याकडे पाहिलं. तो पपईच्या झाडाकडे पाहू लागला. तेव्हाच त्याला कळलं होतं. पोराला दुसरी जागा कधी सापडलीच नव्हती. वर्षभर तो बापाच्याच जागेचा मासा आपला म्हणून बापाच्या ताटात वाढत होता, आणि तो बरा आहे एवढं ऐकून घरी जात होता. तसलं पोवळं समुद्रात आणखी कुठे असेलही. तेओला एवढंच माहीत होतं की त्यानं ते दुसरीकडे पाहिलं नव्हतं.

त्यानं बटण दाबलं.

“देनी सोड, पोरी. सिलुएत बेटाच्या पश्चिमेला जा. सिलुएतच्या उजव्या खांद्यावरून मोर्न डोंगराचं टोक डोकावलं आणि डावीकडे नॉर्थ बेट सुटं झालं, की तीच जागा. तिथून वारा नेईल तसं वायव्येला शोध.”

“निघाले,” दोर्लिन म्हणाली.

थोड्या वेळानं शेजारच्या गायतांचा घोगरा आवाज आला.

“तेओ, जरा परत सांगतोस? मला पेन्सिल सापडत नव्हती.”

“तुझ्यासाठी नव्हतं ते,” तेओ म्हणाला, आणि रोझीन रडता रडता हसली.

ऊन पिवळं होऊन पाण्यावर लोळू लागलं, तेव्हा दोर्लिनचा निरोप आला. होडी सापडली होती, सिलुएतच्या बरीच पलीकडे. इंजिन गेलेलं, बॅटरी भिजलेली, माणूस मात्र धड. तेओनं दोन्ही हातांनी रेडिओ झाकला, जणू त्याला थंडी वाजत होती.

दुसऱ्या दिवशी फटफटलं तेव्हा बापलेक ओसरीत गवती चहा पीत बसले होते. उपसागरातून होड्या निघाल्या होत्या, सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. सगळ्यात पुढे गायतां. धुक्यात त्या पाण्यापासून बोटभर वरून तरंगत गेल्यासारख्या दिसत होत्या.

“सगळ्यांना सांगून टाकलंत,” आल्विन म्हणाला.

“हो.”

“मी तिथं असेन हे कसं कळलं?”

तेओनं चहाचा घोट घेतला. “तुझा मासा बरा असायचा,” तो म्हणाला.

आल्विनची मान खाली गेली. मग तेओनं हळूच विचारलं, “रात्रभर वाहत होतास. गळ टाकला होतास का?”

“हातावर हात ठेवून बसणार होतो काय?”

“मग?”

आल्विननं गायतांच्या बंद खिडकीकडे पाहिलं, रोझीन उभी होती त्या दाराकडे पाहिलं.

“काहीच नाही लागलं,” तो म्हणाला.

त्याच्या बोटांवर दोरीनं कापल्याच्या ताज्या खुणा होत्या, खोल. मोठा मासा खाली ओढतो तेव्हा पडतात तशा. तेओनं त्या पाहिल्या आणि त्याच्या पेल्यात आणखी चहा ओतला.