दोन मोकळ्या वायरी

सन २०११. मी सदुसष्ट वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत, वायरमनकी चाळीस वर्षं. पनवेलच्या खाडीकाठी कितीतरी घरांत पहिला बल्ब माझ्या हातानं पेटला, हे मी कोणी न विचारताच सांगतो.

आमचं कोलंबीचं तळं होतं. भरती चढली की मोटर लावून खाडीचं पाणी आत घ्यायचं. भरतीची वेळ मी तिथीवरून सांगायचो आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबायला बांधावरून चालत जायचो. गुडघे कुरकुरायला लागले तशी सून म्हणाली, "बाबा, भरती आली की मोटर आपोआप लागेल असं करते."

सून खारघरच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेत कामाला. दोन महिने रोज संध्याकाळी बसून तिनं एक इलेक्ट्रॉनिक कार्ड बनवलं. त्याच्या दोन तारा खाडीत सोडायच्या. पाणी लागलं की कार्ड पाच व्होल्ट देणार.

"पाच व्होल्टात झुरळ तरी मरतंय का गो? माजा स्टार्टर चारशेचाळीसवर चालतो."

"म्हणूनच मध्ये हा," म्हणत तिनं कॅलेंडरच्या पाठीवर काळ्या किड्यासारखा एक भाग काढला. "याच्या पोटात एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला डोळा. कार्ड दिवा लावणार, डोळ्याला उजेड दिसला की तो स्टार्टर ओढणार. मध्ये वायर नाही. दोन्ही बाजू एकमेकींना लागता कामा नयेत. जोडणी मात्र तुम्हीच करा, बाबा."

शेवटचं वाक्य ती का बोलली ते मला कळत होतं. मोठेपणा दिला, मी घेतला.

तो किडा बाजारातून मीच आणला. जोडण्याआधी टेस्ट लॅम्प लावून बघितला, या बाजूकडून त्या बाजूला. लॅम्प पेटेना. ज्यातून लॅम्प पेटत नाही ते खराब, हा माझा चाळीस वर्षांचा कायदा. दुकानदारानं म्हाताऱ्याला फसवलं असं ठरवून मी दुरुस्ती केली. दोन्ही बाजूंच्या एकेक वायरी, ज्यांना कॉमन म्हणतात, मोकळ्या दिसत होत्या. त्या एकत्र पिळल्या, वर काळी टेप. जोड असा की बघत राहावं.

रविवारी भरतीला सून बांधावर उभी राहिली. मी मेन स्विच ओढला. फेजचा करंट माझ्या जोडातून कार्डात, कार्डातून थेट खाडीत. फट्ट झालं, धूर निघाला. पाण्यात कोणी नव्हतं, हे नशीब. ती अक्कल माझी नव्हे.

सुनेनं जोडणीचा डबा उघडला. "कॉमन कोणी जोडल्या?"

"खारं पाणी शिरलं असंल."

"खारं पाणी टेपपण लावतं का, बाबा?"

ती जळकं कार्ड डब्यावर ठेवून म्हणाली, "मी नाही आता पुन्हा करणार. तुम्ही आपलं बटणच दाबा."

बटण मीच दाबलं. मनातून मला हवं होतं तेच झालं होतं, आणि तरी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्कडीनं तो देखणा जोड तोडला, जळकं कार्ड रुमालात बांधलं आणि दुकान उघडायच्या आत पायरीवर जाऊन बसलो. दुकानदारानं शटर वर केलं. "काय, किडा खराब निघाला?"

"किडा बरा होता," म्हटलं, "जोडणारा शाना होता." आणि कार्ड त्याच्यासमोर ठेवलं. "यावरचं एकूण एक सगळं दे. आज सून कामावरून यायच्या आत घरी पायजे."