मामांच्या बंदुकीचा दस्ता

दादाची दोन बोटं गेली त्याच सुमारास साहेबांनी बंदुकीचं काम घेतलं. त्यामुळे माझ्या डोक्यात या दोन गोष्टी कायमच्या जोडल्या गेल्या आहेत. ओमानमध्ये, रुस्ताकला काय केलंस असं कुणी विचारलं तर मी सांगतो, एका म्हाताऱ्याच्या शिकारीच्या बंदुकीचा आराखडा काढला आणि एका माणसावर सूड उगवला.

आमचा कारखाना लाकडी दारांचा, रुस्ताकच्या सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, थोडा बाहेर. नक्षीची मोठी दारं, मजलिसमधल्या, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्यातल्या बैठका, हॉटेलांच्या खिडक्या. मालक ओमानी, त्यांना आम्ही अर्बाब म्हणायचो. त्यांच्या खालोखाल आमचे मॅनेजर, पुण्याचे, ते साहेब. मी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचो. दादा म्हणजे आमचा मुख्य सुतार, गुहागरकडचा, माझ्याहून बराच मोठा. कामगारांच्या कॅम्पवर आमची खोली एक आणि भाताचं पातेलंही एक.

माझे आईवडील चिपळुणात कामगारांच्या संघटनेत. घरात पलंगाखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्यामागे पत्रकांचे गठ्ठे असायचे. शाळेच्या पुस्तकातलं 'कमळ' वाचता येण्याआधी मला 'जाहीर निषेध' वाचता यायचं. ज्याने अन्याय केला त्याला त्याच्या तोंडावर जाब विचारायचा, हे मी देवाच्या आरतीसारखं पाठ केलं होतं. ओमानला आलो तेव्हा वडील एवढंच म्हणाले की तिथे तोंड सांभाळ.  आईला तो सल्ला पटलेला नव्हता.

करवतीच्या पात्यावर एक झाकण असतं. जाड तुकडा कापताना ते आडवं येतं, काम जरा हळू होतं. हॉटेलची दारं उरकायची म्हणून साहेबांनी ते काढायला लावलं. दादा म्हणाला, असू दे साहेब, हाताची सवय आहे त्याला. साहेब म्हणाले, यल्ला, चला, वेळ नाही. झाकण निघालं, आणि मग बोटं गेली. अर्बाब मस्कतहून धावत इस्पितळात आले, तेव्हा साहेबांनी त्यांना व्हरांड्यातच गाठून सांगितलं की याचं लक्ष नव्हतं, मोबाईलमध्ये होता.

दादाचा मोबाईल कामाच्या वेळी डब्याच्या पिशवीत असायचा. हे अख्ख्या कारखान्याला माहीत होतं. कुणीही बोललं नाही. मी बोलणार होतो, पण दादानेच मला अडवलं. त्याच्या मेव्हण्याला व्हिसा द्यायचं साहेबांनी कबूल केलं होतं. त्या बदल्यात याने गप्प बसायचं आणि जखम भरली की घरी जायचं.

"माजी बोटं गेली ती गेली," तो म्हणाला. "तू तुजं डोकं नको घालवू."

पण त्याच्याबरोबर निष्काळजी हा शब्दही घरी जाणार होता. इथले मालक नवा माणूस घेताना जुन्या मालकाला फोन करतात. असा शब्द मागे लागला की त्याला आखातात कुणी पॉलिश घासायलाही उभं करणार नव्हतं. आयुष्यभर लाकडावर नुसता हात फिरवून त्याची जात सांगणारा माणूस, आणि त्याच्या नावावर ही चिठ्ठी. मी ठरवलं, साहेबांना सोडायचं नाही. कसं, ते ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात मामा आले. ते अर्बाबांचे सख्खे मामा, फौजेतून निवृत्त झालेले, म्हणून आम्हीही त्यांना आपसांत मामाच म्हणायचो. त्यांना आयुष्यातली पहिली स्वतःच्या मापाची बंदूक करून घ्यायची होती. ओमानमध्ये शिकारीला बंदी आहे. पण उत्तरेकडे, बर्फाच्या डोंगरांच्या एका देशात त्यांचा जुना मित्र राहत होता, आणि तिथे रीतसर परवाना काढून हिवाळ्यात हरणांच्या शिकारीला जाता येत होतं. फौजेत एकाच्या खांद्याला बसेल ती बंदूक सगळ्यांच्या खांद्याला. ही मात्र त्यांची एकट्याची असणार होती. लोखंडाचं सगळं काम मस्कतचा परवानाधारक कारागीर करणार. ते आमच्याकडे कधी आलं नाही, येणारही नव्हतं. आमच्याकडे फक्त लाकूड, म्हणजे खांद्याला टेकतो तो दस्ता.

आराखड्याच्या बैठका मजलिसमध्ये व्हायच्या. कावा म्हणजे अरबी कॉफी, खजूर, गालिच्यावर लाकडाचे नमुने, आणि माझ्या मांडीवर लॅपटॉप. अर्बाबांना हिंदी छान येतं, मामांना मोडकंतोडकं, त्यामुळे सगळं बोलणं हिंदी आणि अरबीच्या खिचडीत. अर्बाबांचं म्हणणं होतं की दस्ता प्लॅस्टिकचा घ्या, हलका असतो, पावसाबर्फाने फुगत नाही. मामा म्हणाले, मी मेल्यावर माझ्या नातवाने भिंतीवर प्लॅस्टिक टांगायचं का? मग अक्रोड ठरला. बंदूक सेमी-ऑटोमॅटिक हवी हे ते सुरुवातीपासून सांगत होते. अर्बाबांनी चेष्टा केली, मामा, आता एका गोळीत हरीण पडत नाही वाटतं? मामांनी अंगातल्या पायघोळ कुंदुऱ्याची गुंडी सोडून उजव्या खांद्याच्या खालचा जुना व्रण दाखवला. तिथलं हाड एकदा मोडून वाकडं जुळलेलं होतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये धक्क्याचा थोडा भाग यंत्रातच जिरतो, खांद्याला कमी बसतो, म्हणून ती हवी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यानंतर बंदूक पुरे. म्हणजे ही पहिली आणि हीच शेवटची.

साहेब या कामावर लाळ गाळत होते. मामांच्या ओळखी फार, आणि त्यातले निम्मे निझव्यापासून सलालापर्यंत घरं बांधत होते. साहेबांनी लगेच स्वतःला शिकाऱ्यांच्या घराण्यात जन्माला घातलं. आमच्या आजोबांकडे वाघाचं कातडं होतं, वगैरे. माप मीच घेणार म्हणाले, हे पोरांचं काम नाही. खांद्यापासून चापापर्यंतचं अंतर हे दस्त्याचं मुख्य माप. शर्टाच्या बाहीसारखंच, माणसागणिक वेगळं. मामा मजलिसच्या मध्ये उभे राहिले, हात पुढे करून, जणू बंदूक धरली आहे. साहेबांनी टेप लावली, आणि दुसरं टोक अर्बाबांनी हसत हसत स्वतःच्या हातात धरलं. साहेबांनी आकडा मोठ्याने सांगितला. मी तो ड्रॉइंगमध्ये भरला.

बाहेर ऑगस्ट होता. मामांच्या अंगात पातळ सुती कुंदुरा.

ही चूक आखातातच होऊ शकते. इथे वर्षभर अंगावर एक पातळ कापड असतं. थंडी म्हणजे आम्हाला ए.सी. मी कोकणातला, मलाही ते सुचलं नव्हतं. कळलं ते मामांनी मित्राचा फोटो दाखवला तेव्हा. मित्र बर्फात उभा, अंगात गुडघ्यापर्यंतचा केसाळ कोट, एवढा जाड की माणूस आहे की मेंढा, असं अर्बाबांनी विचारलं. सगळे हसले. मी स्क्रीनवरचा आकडा पाहिला. एवढा कोट घातला की खांदा तितका पुढे येतो, दस्ता तितका आखूड लागतो. हा लांब दस्ता वर उचलताना कोटात अडकणार, आणि गडबडीत गोळी सुटली तर धक्का बरोबर त्या मोडलेल्या हाडावर.

साहेब फोटो बघून मान डोलावत होते. त्यांना काहीच दिसलं नव्हतं.

मी गप्प बसलो. ती गप्प बसण्याची गोडी मला आजही आठवते. मी आणखी एक खजूर घेतला. कापू दे अक्रोड, म्हटलं. जाऊ दे बंदूक बर्फात. परत येतील तेव्हा साहेबांच्या शिकारी घराण्याची लाज रुस्ताकभर निघेल.

पण माझ्या सूडात दोन उणिवा होत्या, आणि त्या मला दुसऱ्या दिवशी भात निथळताना दिसल्या. एक, हिवाळा येईपर्यंत दादा गुहागरला पोचलेला असणार. दुसरी, मार मामांच्या खांद्याला बसणार, साहेबांच्या नाही. एवढी पत्रकं वाचून मी तेच करणार होतो जे साहेबांनी केलं: एकाचं काम साधावं म्हणून दुसऱ्याचं अंग पुढे करायचं. असा सूड मला नको होता. मला साहेबांचं तोंड हवं होतं, आणि ते अर्बाबांच्या समोर.

मग मी नीट विचार केला. चूक पकडली गेली की साहेब काय म्हणतील? मी हे वाक्य इस्पितळाच्या व्हरांड्यात ऐकलं होतं. माणूस अडचणीत आला की त्याच्या तोंडी पहिल्यांदा जे आलं आणि खपलं, तेच पुन्हा येतं. आणि या वेळी टेपचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं?

रत्नागिरीच्या किनाऱ्याकडचा एक मित्र सोहारला मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होता. त्याच्याकडून मी त्याचं आतल्या खोलीचं जॅकेट मागून घेतलं. अस्तर लावलेलं, फुगीर, गादीसारखं. तो म्हणाला, सुरमईचा वास येईल हां, आणि या उकाड्यात तुला वेडबीड लागलंय काय. वास खरंच येत होता. मी ते सूकमधल्या धोब्याकडून धुऊन आणलं. धोब्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि कुणाचं लग्न आहे का, असं विचारलं.

अक्रोड कापण्याआधी साध्या लाकडाचा नमुना करायची पद्धत असते. तो मामांनी हातात धरून बघायचा आणि मग खरं लाकूड करवतीवर चढायचं. त्या दिवशी मामा आणि अर्बाब कारखान्यातच आले. मामांनी नमुना खांद्याला लावला, खूश झाले. साहेब म्हणाले, परफेक्ट. मी म्हटलं, एकदा थंडीचा कपडा घालून बघूया का, आणि जॅकेट पुढे केलं. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या आजोबांचं कातडं पळवलंय. मामांनी मात्र एका क्षणात ओळखलं. फौजी माणूस. त्यांनी हात घातले, घाम पुसला, आणि नमुना उचलला.

टोक काखेत अडकलं. त्यांनी पुन्हा उचलला, पुन्हा अडकलं. तिसऱ्यांदा जोराने वर आणला तेव्हा त्यांचा चेहरा दुखण्याने आक्रसला.

अर्बाबांनी हिंदीत विचारलं, हे माप असं कसं आलं?

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "याने चुकीचं भरलं. याचं लक्ष नव्हतं, मोबाईलमध्ये होता."

अगदी तेच शब्द, त्याच क्रमाने. मला बोलायची गरजच नव्हती. मी अर्बाबांकडे बघत राहिलो. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, ज्यात त्या दिवशी टेपचं टोक होतं. मग साहेबांकडे. मग त्यांनी मान वळवून करवतीकडे पाहिलं, आणि साहेबांच्या कपाळावर घाम आला. जॅकेट मामांच्या अंगात होतं तरी.

"ते सुताराचं," अर्बाब अगदी हळू म्हणाले, "तेव्हा पण हेच सांगितलं होतं ना?"

मग ते करवतीजवळ गेले आणि विचारलं, याच्यावर झाकण असतं ना, ते कुठे आहे?  पॉलिशवाल्या दोघांनी फळ्यांच्या ढिगामागून ते ओढून काढलं. त्यावर धूळ बसली होती, नट काढून पिशवीत बांधून ठेवलेले होते. ते कुणी काढायला सांगितलं हे अर्बाबांनी एकेकाला विचारलं, आणि एकाने सांगितल्यावर सगळ्यांनी सांगितलं. आधी का बोलला नाहीत म्हणून अर्बाब आमच्यावर ओरडले. तेही बरोबरच होतं. साहेब मध्येच काही म्हणायला गेले, तर अर्बाबांनी हात वर केला. खलास.

मला अतोनात आनंद झाला, हे मी लपवणार नाही. साहेबांचा उतरलेला चेहरा मी पोटभर पाहिला. उकाड्याने बेजार होऊन मामा जॅकेटची चेन शोधत होते, तेव्हा कुठे मला त्यांना मदत करायचं सुचलं.

दादाचं तिकीट रद्द झालं. अर्बाबांनी कॅम्पवर येऊन त्याची माफी मागितली, सगळ्यांसमोर. लाकूड पारखून घ्यायचं आणि नव्या सुतारांना शिकवायचं काम त्याला मिळालं. तो निष्काळजी नव्हता, हे आता रुस्ताकमध्ये सगळ्यांना माहीत आहे. मामांसाठी मी कोटावरून माप घेऊन आखूड दस्त्याचं नवं ड्रॉइंग काढलं.

पण मेव्हण्याचा व्हिसा गेला. साहेबांनी शब्द दिला होता, आणि साहेबच कारखान्यात राहिले नाहीत. दादाच्या बायकोने फोनवर काय म्हटलं ते त्याने मला सांगितलं नाही. त्याने माझ्याशी बोलणंच टाकलं. एकाच पातेल्यातून आम्ही जेवायचो, आणि तो मीठसुद्धा मागायचा नाही, उठून घ्यायचा. बऱ्याच दिवसांनी एकदा म्हणाला, "मना इचारलं होतंस काय?" मी नव्हतं विचारलं. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, म्हणूनच नव्हतं विचारलं. मी त्याला हे असंच सांगितलं. तो उठून भांडी घासायला गेला.

साहेबांना अर्बाबांनी काढलं, पण सोहारच्या औद्योगिक वसाहतीत त्यांना महिन्याभरात दुसरी नोकरी मिळाली, पुन्हा मॅनेजरची. त्यांच्यासाठी कुणी जुन्या मालकाला फोन केला नाही. तसे फोन फक्त सुतारांसाठी होतात. सामान न्यायला आले तेव्हा मी दारातच उभा होतो. त्यांनी बॅगा गाडीत टाकल्या आणि माझ्याजवळ येऊन मराठीत विचारलं, "काय रे, झालं समाधान?"

मी म्हटलं, "नाही, साहेब. तिथल्या करवतीवर झाकण आहे का, ते बघायला मी येणार आहे."

ते हसले. मी पुढच्या शुक्रवारी सोहारची गाडी पकडली.