सरांच्या टेबलावरची प्रयोगशाळा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. लिहिणं हे माझं काम नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितोय, म्हणून आधीच माफी मागतो.

इंटरनेटला जोडलेली छोटी उपकरणं चालवणं हा आमचा विषय. आम्ही चंदगड, आजरा, गगनबावड्याकडची मुलं. गावी असलो की प्रॅक्टिकल बुडायचं. म्हणून सरांनी कोल्हापुरात स्वतःच्या घरी, जेवणाच्या टेबलावर स्वस्तातले बोर्ड, सेन्सर आणि एक बल्ब मांडला. वर कॅमेरा म्हणून जुना मोबाईल बांधला. मी चंदगडातून प्रोग्रॅम पाठवायचा आणि तिथला बल्ब लागलेला इथं बघायचा. आई म्हणायची, "कोल्हापुरातला दिवा लावतोस, मग आपली लाईट का जात्या रं?"

मोबाईलमध्ये सरांचा चेहरा दिसत नसे. वायर निसटली की फक्त हात यायचा आणि ती बसवून जायचा.

पावसाळ्यात सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, मात्र टेबल आवरलं नाही. "दवाखान्यातनं घरी आल्यावर पहिलं हेच बघणार ते," म्हणाल्या. वायर निसटली की आम्ही त्यांनाच फोन करायचो.

"काकू, तांबडी वायर मधल्या पिनेला लावा."

"कुठली तांबडी? दोन हायत की!"

"लांब आहे ती."

"लवकर सांग बाबा, कुकर लावलाय. लागला काय दिवा?"

"लागला!"

"बघ! मास्तरणीला पण येतंय म्हणावं."

त्या हसल्या. सरांचा हात कसा आहे, हे विचारायचं माझ्या ओठांवर यायचं, पण धीर व्हायचा नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी वायर निसटली आणि मी फोन लावण्याआधीच मोबाईलमध्ये सरांचा हात आला. वायर दोनदा खाली पडली, तिसऱ्यांदा बसली. मी लगेच वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, "सर आले! हात बरा झाला!" सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. आजऱ्याच्या मैत्रिणीनं तर घरी शिरा करायला लावला. कुठला हात, हे कुणीच नीट बघितलं नव्हतं.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. ग्रुपवरचं त्यांनी सरांच्या फोनवर वाचलं होतं.

"तो डावा होता रं," त्या म्हणाल्या. "उजव्याची आशा धरू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. ह्यांनी आज कॉलेजला राजीनामा पाठवला."