चार वॅटचा आवाज

दीपनगरच्या वीज केंद्रात मी मीटर आणि गेज दुरुस्त करायच्या खात्यात लागलो, त्याच वर्षी माझ्याकडे गिटार आली. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतलं एक कुटुंब कायमचं परदेशी निघालं होतं. त्यांच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, त्यात ही इलेक्ट्रिक गिटार कपाटाला टेकवून ठेवलेली. रंग उडालेला, दोन तारा तुटलेल्या. मी ती सायकलच्या दांडीवर आडवी बांधून क्वार्टरवर आणली.

माझा मोठा भाऊ शाळामास्तर. तो गाणी लिहायचा आणि गायचा. जयंतीला, लग्नात, गृहप्रवेशात आमच्या वस्तीतली गायन पार्टी जायची. भाऊ मुख्य गायक, एक ढोलकीवाला, एक हार्मोनियमवाला. आता त्यात मी गिटार घेऊन बसू लागलो. अडचण आवाजाची होती. मंडपवाल्याच्या ॲम्प्लिफायरला गिटार लावली की ती कर्ण्यातून पत्रा वाजवल्यासारखी यायची. मी कानात जो आवाज धरून बसलो होतो, त्याचा आणि याचा काही संबंध नव्हता.

कॉलनीतल्या एका साहेबांनी बदली होताना जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा रेडिओ टाकून दिला, तो मी उचलला. कोणीतरी सांगितलं, धुळ्यात एक बाई आहेत, नवऱ्यामागे त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालू ठेवलंय, ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळतात. सुट्टीच्या दिवशी रेडिओ मांडीवर घेऊन मी एस.टी.ने धुळ्याला गेलो. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाइकाला पायरीवरच बसावं लागे. आत पन्नाशीच्या एक बाई चष्मा कपाळावर चढवून तांब्याची तार मोजत होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणत, मीही तेच म्हणू लागलो.

मला काय हवंय ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. गिटार म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं, पण ती रेडिओतून वाजवायची, हे ऐकून त्या थोड्या हसल्या. मग रेडिओचं पोट उघडून त्यांनी स्टेशन लावायचा भाग काढून टाकला, आवाजाचा भाग ठेवला, आणि पुढे एक जादा व्हॉल्व्ह बसवून दिला. ताकद चार वॅट. रेडिओतला लांबट अंडाकृती स्पीकरही त्यांनी परत दिला. त्याचा कागदी कोन फाटला होता.

तो मी घरी नेऊन माळ्यावर टाकला. मला मोठा स्पीकर हवा होता. यावलला एक तंबूतलं सिनेमा थिएटर बंद पडलं होतं, तिथून मी बारा इंची स्पीकर मिळवला. केंद्रात यंत्रांचे सुटे भाग पाइनच्या लाकडाच्या खोक्यांतून येत. रिकामी खोकी परवानगीने घेऊन आमच्या वस्तीतल्या सुताराने मला स्पीकरसाठी पेटी करून दिली, मागून अर्धी उघडी. स्पीकर सोळा ओहमचा होता आणि रेडिओचा मूळचा चार. मी रोज मीटर घेऊन फिरणारा माणूस, एवढं मला कळत होतं. पण माझा हिशेब असा की ओहम जास्त म्हणजे ओझं कमी, आणि ओझं कमी म्हणजे काही जळायची भीती नाही. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला ते खरंही होतं.

यावलच्या जयंतीच्या कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला मी आवाज पुरा उघडला. आधी एक चरचर आली, मग लाखेच्या जळण्याचा वास, मग काहीच नाही. गिटार माझ्या हातात मुकी झाली. भाऊने मागे वळूनही पाहिलं नाही. ढोलकीवर त्याने गाणं पुरं केलं आणि पुढची सगळी म्हटली. मी व्यासपीठावर गिटार धरून नुसता बसून राहिलो, कारण उठून जाणं त्याहून वाईट दिसलं असतं.

पुढच्या रविवारी मी व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला जळका ट्रान्सफॉर्मर अक्कांसमोर ठेवला. मी काय जोडलं होतं ते त्यांनी विचारलं. मग त्यांनी समजावलं की व्हॉल्व्हचं तसं नसतं. विहिरीतून भरलेली बादली ओढताना मध्येच दोर तुटला तर माणूस मागच्या मागे पडतो, तसं होतं. त्याला जेवढं ओझं ओढायची सवय, तेवढंच द्यावं लागतं, फार जड नको आणि फार हलकंही नको. मी रोज मीटर लावत होतो, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला घेतला आणि त्यातून तीन टोकं बाहेर काढायचं ठरवलं, चार, आठ आणि सोळा ओहमची. जो स्पीकर, त्याचं टोक. महिनाभराने आमच्या आत्याच्या मुलीचं लग्न पिंपळनेरला होतं. वाटेत धुळं लागतंच. अक्का म्हणाल्या, येताना असतील नसतील ते सगळे स्पीकर घेऊन या.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी भाऊ आणि मी त्यांच्या पायरीवर बसलो. माळ्यावरचा अंडाकृती स्पीकरही मी आणला होता. अक्कांनी त्याच्या फाटलेल्या कोनाला पतंगाचा कागद पातळ सरसाने चिकटवला आणि उन्हात वाळत ठेवला. तोवर आम्ही बाकीचे लावून पाहिले. टेपडेकचा आठ ओहमचा लावला, तो गोड होता पण पुचाट. मग सिनेमाचा बारा इंची, या वेळी आपल्या सोळाच्या टोकाला. मी जाड तार छेडली आणि फळीवरचे स्क्रू थरथरले. हाच तो आवाज, मला वाटलं. चार वॅट एवढे मोठे असू शकतात यावर माझा विश्वास बसेना.

शेवटी अंडाकृती. तो लहान होता, खालचा सूर त्यात भरत नव्हता, पण मधले सूर अगदी माणूस बोलल्यासारखे येत. अक्कांनी भाऊला दोन ओळी म्हणायला सांगितल्या, एकदा मोठ्या स्पीकरबरोबर, एकदा या लहानाबरोबर. मी विचारलं, "अक्का, मोठाच चांगला ना?"

"मोठा शे म्हनीसन चांगलाच व्हई अस नही," त्या अहिराणीत म्हणाल्या. "तुना भाऊले ईचार."

भाऊने माझ्याकडे पाहिलं. यावलला मी कसा बसलो होतो ते त्याला आठवत असणार. तो म्हणाला, तुला आवडतो तो लाव. मी मोठा लावायचं ठरवलं. लहानही बरोबर न्या, एवढंच अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर मांडवात आमचं गाणं सुरू झालं. भाऊने नवं गाणं लिहिलं होतं, आमच्या वडिलांवर. वडील यावलच्या केळीच्या मळ्यात मजुरी करत, केळीचे घड खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत नेत. खांद्यावरच्या डागांवरून, चिकाने काळ्या पडलेल्या सदऱ्यावरून ते गाणं होतं. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. आत्या म्हणजे त्यांची एकुलती एक बहीण, ती पुढेच बसली होती. मी मन लावून वाजवलं. लोकांनी माना वळवून माझ्या स्पीकरच्या पेटीकडे पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं.

गाणं संपल्यावर आत्या उठून आमच्यापाशी आली.

"तुझं वाजवणं ऐकू आलं रे," ती मला म्हणाली. "पण माझ्या भावाचं काय सांगितलं, ते मला कळलं नाही."

भाऊचा गळा बसायला आला होता, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. माझ्या जाड सुरांवरून आवाज चढवत त्याने अख्खं गाणं म्हटलं होतं आणि मला एक खूणसुद्धा केली नव्हती. मी ॲम्प्लिफायर बंद केला, पेटीतला मोठा स्पीकर सोडवला, अंडाकृती स्पीकर दोन स्क्रूंवर कसाबसा अडकवला आणि तार सोळाच्या टोकावरून काढून चारच्या टोकाला लावली. माणसं थांबली होती. भाऊ पाणी प्यायला आणि त्याने तेच गाणं पहिल्यापासून धरलं.

या वेळी मी त्याच्या ओळीच्या खाली राहिलो. ओळ संपली की दोन सूर, पुन्हा गप्प. तो लहान स्पीकर भाऊच्या आवाजाला कुठेच आडवा येत नव्हता. भाऊला ओरडावं लागलं नाही. चिकाने काळ्या सदऱ्याची ओळ आली तेव्हा आत्याने पदर तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत तसाच धरून ठेवला. मीही त्या दिवशी ते गाणं पहिल्यांदाच नीट ऐकलं. घरी भाऊ लिहीत असताना मी चालीच बसवत होतो, शब्दांकडे माझं लक्षच नव्हतं.

त्यानंतर आठ-नऊ वर्षं आम्ही तोच स्पीकर वापरला. लग्नाहून परतताना अक्कांना मी सगळं सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, आत्याला ऐकू आलं का? हो म्हटल्यावर त्या पुन्हा तार मोजायला लागल्या. पुढे कधी कोन फाटला की मी धुळ्याला जाई, त्या पतंगाचा कागद लावून देत आणि भाऊने नवं काय लिहिलंय ते विचारत. दोनदा भाऊच माझ्याबरोबर आला आणि पायरीवर बसून त्याने त्यांना गाणं म्हणून दाखवलं.

मग कीबोर्ड आले. एकाच माणसाने बोटाने ढोलकी, बासरी, गिटार सगळं वाजवायला सुरुवात केली आणि लग्नांना तेच हवं झालं. आमचा हार्मोनियमवाला कामासाठी सुरतेला गेला, ढोलकीवाला बँडमध्ये शिरला. पार्टी मोडली असं कोणी म्हटलं नाही, बोलावणी येईनाशी झाली इतकंच. अक्कांच्या दुकानात रेडिओ कमी आणि पाण्याच्या मोटारी जास्त दिसू लागल्या. शेवटचा गेलो तेव्हा त्या मोटारीचं वाइंडिंग करत होत्या. बरं चाललंय म्हणाल्या, मोटारी कोणी टाकून देत नाही.

भाऊ आता निवृत्त झालाय. रविवारी तो जळगावहून माझ्याकडे येतो, जेवतो, थोडा झोपतो. उठला की वही काढतो आणि मला म्हणतो, "हे ऐक, चाल नंतर लाव."