मोसंबीचा ट्रक आणि रडकी मंगी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आणि तिला तर माझ्या मनात काय शिजतंय ते माझ्याआधी कळतं. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

मी मुलांसाठी गोष्टी लिहितो. पेशानं शिक्षक, जालन्याजवळच्या एका शाळेत. लिहिण्याची माझी रीत म्हणजे — रीत कसली, सगळा खेळच. शेवटच्या तासाला काहीही न ठरवता वर्गात एक वाक्य टाकायचं. पोरं म्हणतात, "मंग?" की मी पुढं सरकतो. पुन्हा "मंग?", पुन्हा मी. घरी येऊन तेच लिहून काढायचं. यावर बोलायला मला कार्यशाळांना बोलावतात. मी घसा खाकरून सांगतो — अनुभवातून लिहा, मुलांना खोटं लगेच कळतं.

नाही कळत हो! चौदा वर्षांत एकालाही कळलेलं नाही.

'दिनूनं ट्रक थांबवला' हे माझं सगळ्यांत खपलेलं पुस्तक. दिनू म्हणजे मीच, दिनकर — तसं मागच्या पानावर छापलंय. शहागडला हायवेच्या कडेला आमच्या वडिलांचं चहाचं हॉटेल होतं. गोष्टीत दिनू आणि त्याची बहीण मंगी लपाछपी खेळताना हॉटेलसमोर उभ्या असलेल्या मोसंबीच्या ट्रकात चढतात आणि ताडपत्रीखाली लपतात. ड्रायव्हर चहा संपवतो, ट्रक निघतो. मंगी भोकाड पसरते, चड्डी ओली करते. दिनू मात्र केबिनच्या टपावर ओणवा होऊन समोरच्या काचेवर एकेक मोसंबं टाकत राहतो आणि गोदावरीच्या पुलावर ट्रक थांबवतो.

यातलं सगळं खरं आहे. अगदी चड्डीसकट. फक्त —

थांबा, आधी अक्काबद्दल सांगतो. मंगल, माझी थोरली बहीण. केदारखेड्याला दिलेली, तिथं अंगणवाडी चालवते. गावात कुणाच्या घरात साप निघाला की पहिली हाक तिला जाते.

आलं ना लक्षात? ट्रक तिनं थांबवला. दहा वर्षांची होती. ड्रायव्हर शिव्या देत खाली उतरला, तर हीच कमरेवर हात ठेवून त्याच्यावर डाफरली, "गाडी चालू करायच्या आधी मागं पाहाता येत न्हाई का तुम्हाला?" तो बिचारा "चुकलं, माय" म्हणाला आणि आम्हाला परत हॉटेलवर सोडून गेला. मी आठ वर्षांचा. मी मोसंबीत तोंड खुपसून रडत होतो. आणि चड्डी? माझीच.

मग हे उलटं कसं झालं? ही गोष्ट वर्गात पहिल्यांदा सांगितली, त्या दिवशी चड्डीचा भाग मी, कुणाची ते न सांगता, आधीच सांगून टाकला — त्याला हशा हमखास. पोरं बाकांवर लोळली. तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, ट्रक थांबवणारे तुम्हीच का?" सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. तुम्ही काय केलं असतं? मी हो म्हणालो. आता ओल्या चड्डीला कुणीतरी मालक हवा होता. "रडणारी माझी बहीण," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी गोष्ट सुधारता आली असती. दुसऱ्या दिवशी मी ती लिहून काढली.

पुस्तक आलं तेव्हा भीत भीत एक प्रत अक्काला पाठवली. चार दिवसांनी तिचा फोन. म्हटलं, आता आपली खैर नाही. तर म्हणाली, "बराबर लिहिलं. पण एवढी मोसंबी न्हाईत टाकली मी. धा-बाराच व्हती." बस्स. पुढं विचारलं, जेवला का.

मागच्या हिवाळ्यात तिनं मला अंगणवाडीत बोलावलं — लेखक म्हणून. हार, नारळ, खुर्ची. मग अक्का स्वतःच ती गोष्ट करून दाखवायला उभी राहिली. ट्रकचा आवाज काढला आणि तिची मंगी रडायला लागली. आधी नाक ओढणं, मग दोन उचक्या, मग "आई, मला घरी ने" — त्यातला शेवटचा 'ने' चांगला लांबवलेला. पुस्तकात यातलं काहीच नाही. ते माझं रडणं होतं. चाळीस वर्षं तिच्याकडे ते जसंच्या तसं होतं.

पोरं हसून हसून गडबडा लोळत होती. मीही हसलो — सगळ्यांत मोठ्यानं.

एक चिमुरडी उभी राहिली. "बाई, तुम्ही खरंच एवढ्या रडल्त्या का?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहत थांबली. तेवढ्या वेळात मला तीनदा खरं बोलता आलं असतं. मी हारातलं एक फूल कुस्करत बसलो.

"लई रडले," ती म्हणाली. "ह्यो व्हता म्हणून थांबला ट्रक."

टाळ्या झाल्या. ती चिमुरडी सही घ्यायला पुस्तक घेऊन आली. माझ्याकडे पेन नव्हतं, अक्कानं हजेरीचं दिलं आणि शेजारीच उभी राहिली. मी लिहिलं — 'ट्रक थांबवणाऱ्या दिनूकडून.' लाज वाटत होती, फार वाटत होती. तरी सही नेहमीसारखीच झोकदार आली.