तीन इंच जास्त

हल्याळहून हजरतबीच्या भाचीचं पत्र आलं, सात ओळींचं. सहाव्या ओळीत हजरतबी गेल्याचं होतं. सातवीत विचारलं होतं, "गोधडी तुमच्याकडेच आहे ना?"

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आम्ही दोहात मदिनत खलीफाला राहायला गेलो, तेव्हा शेजारच्या व्हिलात ती स्वयंपाक करायची. कर्नाटकात हल्याळकडची सिद्दी, पूर्वज आफ्रिकेतले. मी पहिल्याच दिवशी तिच्याशी इंग्रजीत बोलले. "वैनी, मराठी येतं मला. रंगावर जाऊ नका," ती हसून म्हणाली. शुक्रवारी दुपारी तिच्या खोलीत सुदानची आमना आणि झांझिबारकडच्या दोघी जमत. जुन्या साड्या, आमनाची अंगाभोवती लपेटायची झिरझिरीत वस्त्रं, सगळ्याचे तुकडे व्हायचे. चौघी गोधडीच्या चार कडांना बसून टाके घालत मध्याकडे सरकायच्या. भाषा वेगवेगळ्या, 'यल्ला', म्हणजे 'चला', मात्र सगळ्यांचं. दोन वर्षांत चौघींच्या अकरा जणी झाल्या. मी मोजल्या आहेत.

मग भारतीय महिला मंडळाचं हस्तकला प्रदर्शन आलं. मापं घेण्याचं काम माझ्याकडे होतं. नियम साठ बाय नव्वदचा. या अकराजणींची गोधडी लांबीला त्र्याण्णव इंच भरली. कोपऱ्यांना घड्या घालून शिवलेली कापडी फुलं दोन्ही टोकांना दीड-दीड इंच बाहेर येत होती. मी कात्री पुढे केली. "फुलं काढा, बरोबर बसेल."

हजरतबीने गोधडी छातीशी धरली. "फुलांशिवाय ती नागडी, वैनी. तुम्ही पदर कापून आला असता का इथं?"

मागून कुणीतरी पुटपुटलं, "नाहीतरी ह्या भारतीय कुठे दिसतात?" आम्ही दोघींनी ते ऐकलं... मी टेप गुंडाळू लागले. ती निघून गेली.

अर्ध्या तासाने पाहते, तर हॉलमध्ये प्रेक्षक फक्त सहा. बाकीचे सगळे फाटकापाशी! अकरा जणी गोधडी चहूबाजूंनी ताणून धरून उभ्या होत्या. उन्हात तिचे रंग नुसते पेटले होते, आणि लोक हात लावून टाके बघत होते. मी आत गेले, नियमांच्या कागदावर लिहिलं, 'कोपऱ्यांतली फुलं मापात धरू नयेत', आणि खाली सही केली. मग बाहेर येऊन म्हटलं, "हजरतबी, चुकलं माझं. आत चला, सगळ्याजणी."

"आता भरली का बरोबर?"

"बरोबर साठ बाय नव्वद."

ती गोधडी मधल्या भिंतीवर लागली. पुढच्या वर्षी प्रदर्शनात फुलांच्या गोधड्या पाच होत्या. त्यांतली एक आमच्या मंडळातल्या एका पुण्याच्या बाईंची!

आम्ही दोहा सोडताना हजरतबीने ती पहिली गोधडी माझ्या ट्रंकेत घातली. पत्र वाचल्यावर टेप काढून मोजली. धुऊन धुऊन मधलं कापड दोन इंच आटलंय. फुलं अजून दोन्हीकडे दीड-दीड इंच बाहेर आहेत. भाचीला तसंच कळवलं: गोधडी आहे, फुलं चार, चारही शाबूत.