भरपाईतून घेतलेली जागा

अमेरिकेत ॲन आर्बर शहरात माझ्याकडे गाडी नव्हती, त्या वर्षी ती मला रोज सकाळी बसमध्ये भेटायची. सत्तरीची गोरी बाई, दाराजवळची सीट ठरलेली. बसली की आधी पर्स उघडून मेडिकेडचं कार्ड जागेवर आहे ना, हे अंगठ्याने चाचपून बघायची. गरिबांच्या सरकारी औषधपाण्याचं ते कार्ड. तिचं इन्सुलिन त्याच्यावरच चालायचं.

लोन कंपनीने नाही नाही ते चार्जेस लावून तिचं घर घशात घातलं होतं. कोर्टकचेऱ्या होऊन शेवटी भरपाईचा चेक आला. मी मूर्खासारखं तिचं अभिनंदन केलं.

"ठेवता कुठे येतो, हनी?" ती म्हणाली. "बँकेत दोन हजार डॉलरच्या वर दिसले की कार्ड बंद. मुलीला दिले तरी लबाडी धरतात."

पुढच्या महिन्यात ती खुशीत दिसली. पैसे संपवले होते.

"घर ते मालमत्तेत धरत नाहीत, पण एवढ्या पैशांत घर येत नाही. स्वतःसाठी घेतलेली कबरही धरत नाहीत. ती आली."

कबरीच्या दगडावर नाव आणि जन्मसाल कोरून झालंय, एकदा बघून ये, असं तिने दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा हो म्हणालो आणि गेलो नाही. वर्षभर शेजारी बसूनही मी तिला नाव विचारलं नव्हतं, आणि ते पहिल्यांदा तिथे वाचायची माझी हिंमत झाली नाही.